अकरा रोलर माघारी

लातूरच्या एमआयडीसीत गौरम्मा इंजिनिअरिंग वर्क्सच्या फाटकावर महामाया सोनकांबळे पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्या हातात दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा होता. वॉचमननं खुर्चीतूनच विचारलं, डबा कुणाचा आणलाय? ती म्हणाली, माझाच. मग त्यानं सांगितलं की ऑफिसातली टायपिंगची जागा भरली. तिनं पिशवीतून आयटीआयचं प्रमाणपत्र काढून त्याच्यापुढं धरलं. ट्रेड टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातायचं काम. वॉचमननं कागद दोन्ही बाजूंनी बघितला आणि खुर्ची सोडून आत गेला. ही २००७ सालच्या जूनमधली गोष्ट.

मुखेडच्या एसटी डेपोत तिचे वडील व्यंकटराव हेल्पर होते. चाकं उतरवायची, ग्रीस भरायचं, मेकॅनिकला पाना द्यायचा, यात त्यांची तीस वर्षं गेली. सुट्टीच्या दिवशी महामाया त्यांच्याबरोबर डेपोत जाऊन बसायची. खोललेल्या इंजिनापुढं ती तासन्‌तास बसते, हे बघून व्यंकटरावांनीच ठरवलं की हिला नांदेडच्या आयटीआयला घालायचं. आई सरजाबाई रोजंदारीनं शेतात जायची. तिला एवढंच माहीत होतं की पोरगी लोखंड शिकून राहिली. वर्गात एकवीस जण, मुलगी ही एकटीच. पास झाल्यावर वर्षभर ती नांदेड आणि लातूरचे कारखाने फिरली. प्रत्येक ठिकाणी मालक चांगलंच बोलायचे, चहा द्यायचे आणि लेथवर बाई कशी उभी करायची म्हणून हात जोडायचे.

गौरम्मा वर्क्सच्या मालकांनी हात जोडले नाहीत. शिवमूर्ती हालकुडे त्यांचं नाव, पण सगळा कारखाना त्यांना अप्पा म्हणायचा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बाह्या दुमडलेला सदरा, आणि खिशात पेनाच्या जागी माप घ्यायचं व्हर्निअर कॅलिपर. त्यांनी लेथवरून नुकताच उतरलेला एक शाफ्ट, म्हणजे रोलरचा लोखंडी दांडा, तिच्यापुढं ठेवला आणि माप घ्यायला सांगितलं. तिनं तीन जागी माप घेतलं. मग फडकं मागितलं, शाफ्टवरचं तेल पुसलं आणि पुन्हा तिन्ही जागी घेतलं.

"अप्पा, हे टोक जाड हाय. केसभरच, पण हाय."

अप्पांनी स्वतः मोजलं. टोक जाडच होतं. तो शाफ्ट पास झालेला होता आणि दुपारी उदगीरला जायचा होता. त्यांनी टर्नरला बोलावून तो परत चढवायला लावला आणि महामायाला सोमवारपासून यायला सांगितलं.

कारखान्यापेक्षा खोली मिळवणं अवघड गेलं. चार ठिकाणी घरमालकांनी आडनाव विचारलं आणि चारही ठिकाणची खोली नेमकी कालच गेलेली निघाली. शेवटी बौद्धनगरात एका निवृत्त पोस्टमनच्या घरी वरच्या मजल्यावर सोय झाली. तिनं भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो लावला, खिडकीत तुळशीच्या डब्यासारखा एक मोठा डबा ठेवून त्यात कढीपत्ता लावला, आणि सोमवारी सकाळी आठ वाजता लेथपुढं उभी राहिली.

तिथं काय बनत होतं, ते सांगायला पाहिजे. तुरीच्या दाण्यावरचं टरफल काढायला डाळमिलमध्ये एक दगडी रोलर फिरत असतो. आत लोखंडी ड्रम आणि त्याच्यावर एमरीचा जाड थर. एमरी म्हणजे काळी, करकरीत, पोलादालाही खरवडणारी खडी. ती एका पांढऱ्या पावडरीत आणि खाराच्या पाण्यात कालवून ड्रमभोवती साच्यात ठोकून भरायची. आठ-दहा दिवसांनी तिचा दगड होतो. रोलर चांगला तर डाळ अखंड आणि पिवळीधमक निघते. रोलर वाईट तर अर्धी तूर चुऱ्यात जाते.

अप्पा तरुणपणी उदगीरच्या डाळमिलमध्ये फिटर होते. तेव्हा रोलर परराज्यातून यायचे. एक फुटला की मिल तीन-तीन आठवडे बंद. अप्पांनी घराच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच रोलर करायला घेतला. मिश्रण कालवायला भांडं नव्हतं म्हणून बायकोची कणीक मळायची परात उचलून नेली. पहिले सहा रोलर फुटले. सातवा टिकला. परात मात्र दगडासारखी होऊन बसली होती, ती काही गौरम्मांना परत मिळाली नाही. पुढं कारखान्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा अप्पांनी दुसरा विचार केला नाही.

त्या सातव्या रोलरच्या वेळेस अप्पांच्या जोडीला साहेबराव होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. मिश्रणाचं काम पहिल्यापासून त्यांच्याकडं. कारखान्याच्या कोपऱ्यात त्यांची एक खोली होती. मिश्रण करताना ते दार आतून लावून घ्यायचे, आणि अप्पासुद्धा ते वाजवायचे नाहीत. मिस्त्री माणूस वाईट नव्हता. शाळा चौथीपर्यंत झालेली, पुढं सगळं हातानं शिकलेलं. त्या बंद दारामागं जे होतं तेवढंच आपलं, असं त्यांना वाटायचं. महामायाशी ते पहिले सहा महिने बोललेच नाहीत. एकदा तिनं केलेला शाफ्ट ड्रममध्ये बसवताना त्यांना हातोडीची गरज पडली नाही. त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत त्यांनी बाकावर सरकून तिला जागा दिली. पुढं चौदा वर्षं दोघं तिथंच डबा खात आले.

या चौदा वर्षांत बरंच काही झालं. महामायाचं लग्न झालं. नवरा प्रेम लातूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. मुलगी झाली, तिचं नाव बुद्धप्रिया. लेथवरून ती फिटिंगला गेली आणि पुढं सगळ्या मशीन शॉपची सुपरवायझर झाली. अप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि ते घरी बसले. मुलगा अमरनाथ पुण्याला इंजिनिअरिंग करून आला होता, त्यानं कारभार हातात घेतला. तो हुशार होता. नवी यंत्रं त्यानं आणली, तेलंगण-कर्नाटकातली गिऱ्हाइकं जोडली. पण तो सगळ्या गोष्टी आधी कागदावर बघायचा. महामायाला तो ताई म्हणायचा आणि ती त्याला भैय्या.

मग २०२१ चा उन्हाळा आला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत साहेबराव मिस्त्री सतरा दिवस दवाखान्यात होते. वाचले, वाळून काडी झाले, आणि जूनमध्ये डॉक्टर नको म्हणत असतानाही कामावर आले. तुंबलेल्या ऑर्डरी होत्या. जून-जुलैत अकरा रोलर बाहेर पडले.

ऑगस्टच्या शेवटी उदगीरच्या अण्णाराव बिरादारांचा फोन आला. त्यांच्या मिलमधला नवा रोलर चालता चालता फुटला होता. एमरीचं ढेकूळ निघून डाळीत गेलं आणि वीस पोती डाळीत खडी मिसळली. चार दिवसांनी मुदखेडहून तशीच तक्रार आली. अमरनाथचं म्हणणं पडलं की मिलवाल्यांनी तुरीतले खडे न काढता माल टाकला असणार. तरी बघून या म्हणून त्यानं महामायाला उदगीरला पाठवलं.

अण्णाराव तिच्या बापाच्या वयाचे, बोलायला कडक. त्यांनी तिला सरळ विचारलं, मालक का आला नाही? ती म्हणाली, मालकानंच पाठवलंय, आधी रोलर दाखवा. फुटलेला तुकडा तिनं उजेडात नेला. वरून काळा, टणक. पण तुटलेल्या बाजूवर नख फिरवलं तर पांढरी भुकटी निघत होती. चांगल्या रोलरवर नख मोडतं. तिनं तुकडा पिशवीत घातला आणि अण्णारावांना म्हणाली, चूक तुमची दिसत नाही, दोन दिवसांत सांगते. कंपनीचं माणूस असं बोलेल अशी अण्णारावांची अपेक्षा नव्हती. त्यांनी तिला जेवून जायला सांगितलं.

परत आल्यावर तिनं मिस्त्रींना तुकडा दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाले, मिश्रण तेच आहे, तीस वर्षं तेच आहे.

दुसऱ्या दिवशी जेवताना एक साधी गोष्ट घडली. स्टोअर सांभाळणाऱ्या भागवतनं घरून मिरचीचा ठेचा आणला होता आणि तो असा काही जळजळीत होता की पहिल्या घासाला सगळे खोकायला लागले. महामायाच्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्री मात्र भाकरीला लावून शांतपणे खात होते. दोन बोटं ठेचा संपवला, पाण्याला हात लावला नाही. महामाया त्यांच्याकडं बघत राहिली. तिला आठवलं, पूर्वी भाजीत मीठ कणभर जास्त झालं तरी ते बोलून दाखवायचे. जूनपासून एकदाही बोलले नव्हते.

सगळे उठून गेल्यावर ती त्यांच्या शेजारीच बसून राहिली.

"काका, तुमची चव गेली का?"

मिस्त्री डब्याचं झाकण लावत होते. लावलं, परत काढलं, परत लावलं.

"हाव," ते म्हणाले. "दवाखान्यातच गेली."

आणि मग तीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी तिला सांगितलं. खाराचं पाणी किती कडक झालं, हे ते जिभेवर थेंब ठेवून ओळखायचे. कडूपणा जिभेच्या टोकाला टोचून मागं सरकला की पाणी तयार. दुसरं माप त्यांच्याजवळ कधीच नव्हतं. आजारातून उठल्यावर जिभेला काहीच कळेना. आज येईल, उद्या येईल म्हणत त्यांनी अंदाजानं पाणी केलं. बोलले असते तर दार उघडावं लागलं असतं, आणि दार उघडल्यावर साहेबराव मिस्त्रीला कोण विचारणार?

महामायाला राग आला नाही असं नाही. वीस पोती डाळ तिनं डोळ्यांनी बघितली होती. पण तिला डेपोत पाना पुसत उभे राहणारे व्यंकटराव दिसले. तीस वर्षांत हातानं शिकलेल्याचा कागद त्यांच्याकडंही नव्हता. ती म्हणाली, काका, विचारणार मी. तुम्ही शिकवायचं, मी शिकायचं. पण अकरा रोलर माघारी आणावे लागतील, आणि ते भैय्याला सांगावं लागेल. मी एकटी सांगणार नाही, तुम्ही सोबत पाहिजे.

दोघं अमरनाथच्या केबिनमध्ये गेले. मिस्त्रींनी उभ्यानंच सगळं सांगितलं. अमरनाथ आधी त्यांच्यावर भडकला, मग हिशोबाचं बोलायला लागला. दोन फुटले, ते बदलून देऊ. बाकीचे नऊ चालून राहिले आहेत, फुटले तर बघू. आपण होऊन सांगितलं तर मराठवाड्यात नाव जाईल. आणि हे अप्पांच्या कानावर घालायचं नाही, त्यांना झेपणार नाही.

महामाया अप्पांकडं गेली असती तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. ते तिघांनाही माहीत होतं. तिनं हातातला कागद टेबलावर ठेवला. नऊ मिलची नावं, गावं आणि फोन नंबर तिनं सकाळीच लिहून आणले होते.

"भैय्या, अप्पांकडं मी जाणार न्हाई. कारखाना आता तुमचा हाय, ठरवायचं तुम्ही. पण फिरत्या रोलरपाशी माणूस उभा असतो. ढेकूळ डाळीत जायच्या ऐवजी त्याच्या तोंडावर गेलं, तर मग आपण काय बघणार?"

अमरनाथनं कागद उचलला नाही. ती आणि मिस्त्री बाहेर आले. महामाया मशीन शॉपमध्ये जाऊन आपल्या कामाला लागली, पण त्या दुपारी तिनं दोनदा चुकीचं माप लिहिलं. चार वाजता केबिनचं दार उघडलं. अमरनाथ कागद घेऊन तिच्यापाशी आला. पहिल्या नावापुढं त्यानं खूण केली होती. लोह्याच्या मिलवाल्याशी तो स्वतः बोलला होता.

"शिव्या दिल्या त्यानं," अमरनाथ म्हणाला. "पण मिल थांबवतो म्हणला. ताई, टेम्पो सांगा."

पुढचे वीस दिवस महामाया टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसून होती. लोहा, मुदखेड, देगलूर, निलंगा. काही मिलवाले तक्रार न करता रोलर द्यायचे. देगलूरच्या विरूपाक्षप्पांनी मात्र साफ नाही म्हटलं. त्यांचा रोलर मस्त चालला होता आणि मिल थांबवायची त्यांची तयारी नव्हती. महामायानं त्यांना फक्त दहा मिनिटं मागितली. मिल थांबली. तिनं लाकडी हातोडी जुन्या रोलरवर हलकेच मारली, तो खणखणीत वाजला. मग नव्यावर मारली. पोकळ भिंतीवर थाप मारावी तसा आवाज आला. विरूपाक्षप्पांनी हातोडी मागून घेतली आणि स्वतः चार ठिकाणी वाजवून बघितलं. मग कामगारांना बोल्ट ढिले करायला सांगितलं.

रोलर माघारी आणणं हे निम्मं काम झालं. नवे करायचे कसे? पाणी किती कडक पाहिजे हे ज्या जिभेला माहीत होतं ती जीभच गेली होती. प्रेमनं आपल्या विभागप्रमुखांना विचारून प्रयोगशाळेतली एक काचेची नळी आणली. पाण्यात सोडली की ती उभी तरंगते. पाणी जितकं दाट तितकी वर राहते, आणि अंगावर आकडे असतात. जूनमधल्या पिंपातलं पाणी मोजलं तर एकोणीस भरलं. पण बरोबर आकडा कोणता, हे कुणाला माहीत? मिस्त्री खोलीत डोकं धरून बसले होते. अचानक उठले आणि मांडणीखालून एक कॅन ओढला. मार्चमध्ये, आजारी पडायच्या आधी, त्यांनी जास्तीचं पाणी करून ठेवलं होतं. बूच घट्ट होतं, पाणी आटलेलं नव्हतं. महामायानं नळी सोडली. ती वर आली, डुलली आणि सव्वीसवर थांबली.

"सव्वीस," महामाया मोठ्यानं म्हणाली. मिस्त्रींना आपल्या जिभेचा आकडा पहिल्यांदाच कळला होता. ते नळीकडं वाकून बघत राहिले. तरी तिनं घाई केली नाही. तेवीसपासून अठ्ठावीसपर्यंत सहा पाण्यांच्या सहा वड्या पाडल्या, नऊ दिवस वाळवल्या आणि हातोडीनं फोडल्या. सव्वीसची सगळ्यांत उशिरा फुटली. मिस्त्रींनी लाल ऑइलपेंट मागवला आणि खोलीच्या भिंतीवर हातभर मोठा आकडा स्वतः काढला. त्या दिवसापासून खोलीचं दार उघडं असतं. तिथं काम शिकायला महामायानं आधी नव्यानं घेतलेल्या दोन मुलींना पाठवलं. आज मिश्रणावर पाच जणी आहेत.

दिवाळीच्या आत अकराही रोलर नवे बसले. नाव गेलं का? एक गिऱ्हाईक गेलं, ते परत आलं नाही. पण अण्णाराव बिरादारांनी उदगीरच्या व्यापाऱ्यांच्या बैठकीत हा किस्सा सांगितला, आणि पुढच्या हंगामात गौरम्मा वर्क्सला एवढं काम आलं की दुसरी पाळी लावावी लागली. अप्पांना हे सगळं बाहेरूनच कळलं. त्यांनी अमरनाथला बोलावून विचारलं, ठरवलं कुणी? अमरनाथ म्हणाला, फोन मी केला, पण नंबर ताईनं आणून दिले. अप्पा पुढच्या चैत्रात गेले. जायच्या महिनाभर आधी त्यांनी अमरनाथला सांगितलं, महामायाला वर्क्स मॅनेजर कर, तेव्हा त्यानं आधीच तयार करून ठेवलेलं पत्रच त्यांना दाखवलं.

सुरुवातीला फोनवर लोक मॅनेजर साहेबांना द्या म्हणायचे. ती मीच, असं सांगितलं की नंबर चुकला का म्हणून विचारायचे. आता विचारत नाहीत. साहेबराव मिस्त्री निवृत्त होऊन आपल्या गावी, हाडोळीला असतात. चव निम्मी आली म्हणतात, चहा गोड लागतो, ठेचा अजून नाही.

गेल्या वर्षी कंपनीनं नांदेडजवळ कृष्णूरला जागा घेतली. तेलंगणाला द्यायचा माल तिकडून लवकर जातो. तिथली सगळी जबाबदारी अमरनाथनं महामायावर टाकली. प्रेमची बदली झालेली नाही, म्हणून ती सोमवारी जाते आणि शनिवारी लातूरला येते. बुद्धप्रिया यावर नाराज आहे आणि तसं बोलूनही दाखवते. महामायाला त्याचं वाईट वाटतं, पण ती जाते.

शेडच्या उद्घाटनाला व्यंकटराव आणि सरजाबाई मुखेडहून एसटीनं आले. गौरम्मा काठी टेकत आल्या. त्यांच्या हातून मुख्य स्विच चालू करायचं ठरलं होतं. त्यांनी हात वर नेला, मग बाजूला झाल्या आणि महामायाला म्हणाल्या, तू कर, इथं आता सगळं आकड्यावर चालतं आणि मला आकडे वाचता येत नाहीत. मोटार सुरू झाली. सरजाबाईंनी कानावर पदर घेतला. व्यंकटराव बेअरिंगजवळ वाकून आवाज ऐकत उभे राहिले आणि थोड्या वेळानं त्यांनी मान हलवली.

दुपारी पहिला रोलर साच्यात भरून झाला. तो बाहेर काढायला नऊ दिवस लागतात. पाहुणे जेवून निघाले, तेव्हा महामाया हात धुऊन नव्या मुलींना मोजमापाची वही कशी भरायची ते दाखवत होती.